वाद्यव्यवसायातल्या संघटना प्रदर्शनापलीकडे करतात काय?

तुमचा प्रश्न असा: कोथरूडला गिटार-कीबोर्डचं दुकान टाकताय, 'नॅम'सारख्या संघटनांची नावं कानावर येतात, पण प्रदर्शन भरवणं आणि भिंतीवर लावायला सर्टिफिकेट देणं यापलीकडे त्या काही करतात का, आणि सभासद व्हावं का?

माझं दुकान पेठेत आहे. मुख्य धंदा तबला-पेटीचा. गिटार वडिलांच्या काळात जरा नाक मुरडूनच आत आली आणि आता दर्शनी भिंत तिचीच आहे.

नॅम ही अमेरिकेतली संघटना 1901 मध्ये पियानो विकणाऱ्यांनी काढली. 1919 मध्ये ती सगळ्याच वाद्यविक्रेत्यांची झाली. म्हणजे मुळात ही दुकानदारांची संघटना; कारखानदार त्यात मोठ्या संख्येनं आहेत म्हणून तिला कंपन्यांचा क्लब समजू नका. कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅनहाइमचं तिचं प्रदर्शन धंद्यातल्या लोकांसाठी असतं. आपली कल्पना अशी की प्रदर्शन म्हणजे गर्दी, सेल्फी आणि दहा टक्के सूट. तिथं ऑर्डरी ठरतात, डीलरशिपा ठरतात. त्यातून येणारा पैसा संगीतशिक्षणाकडे वळवला जातो, आणि शाळेत संगीत टिकावं म्हणून सभासद वॉशिंग्टनला जाऊन लोकप्रतिनिधींना भेटतात. यात धर्मादाय थोडा, धंदा जास्त. शाळेत बँड असेल तरच दुकानात ट्रम्पेट खपणार. मला यात वावगं काही दिसत नाही.

तुम्ही जे कीबोर्ड विकणार त्यांतल्या बहुतेकांना मिडी असेल, म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांची इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांशी बोलतात ती सामाईक भाषा. 1983 च्या जानेवारीत याच प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर, सीक्वेन्शियलचा प्रॉफेट-600 आणि रोलँडचा ज्युपिटर-6, एका केबलनं जोडले गेले आणि एक वाजवला की दुसरा वाजू लागला. मिडी नॅमनं बनवलं नाही, ते कंपन्यांनी आपसांत ठरवलं. पण एकमेकांचे ग्राहक पळवणाऱ्यांना एका टेबलाशी यायला जागा लागते. पुढे ते मानक सांभाळायला उत्पादकांनी वेगळी संघटना काढली, जपानमध्येही तशी एक आहे.

पण संघटनेचं खरं काम कुठलं असं विचाराल तर मी लाकडाचं सांगेन. शिसवाचं लाकूड तुमच्या गिटारच्या फिंगरबोर्डात, म्हणजे बोटं दाबायच्या पट्टीत, आहे आणि माझ्या तबल्याच्या खोडातही. 2 जानेवारी 2017 पासून शिसवाचा अख्खा कुळगट, डाल्बर्जिया, सायटिस या धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला, म्हणजे सीमेपार व्यापाराला परवाना लागू लागला. कारण वाद्यं नव्हती. चीनमध्ये लाल लाकडाच्या महागड्या फर्निचरसाठी जगभर बेकायदा तोड चालली होती, तिला आळा घालायचा होता. पण नियमाला फर्निचर आणि फिंगरबोर्ड यांतला फरक कळत नाही. स्वतःचं वाद्य सोबत नेणाऱ्याला दहा किलोपर्यंत सवलत होती; विक्रीचा माल सीमेपलीकडे जायचा तर मात्र प्रत्येक खेपेला कागद. न्यू जर्सीतल्या कुणा आजोबांना नातवासाठी तबला हवा असला, तर पुडीची (वरच्या चामड्याची) शाई, म्हणजे मधला काळा लेप, कशी जमलीय यापेक्षा खोड कुठल्या झाडाचं याचीच चौकशी जास्त. आपल्याकडे लाकूड कायदेशीर असल्याचं हस्तकला निर्यात परिषदेचं 'वृक्ष' प्रमाणपत्र होतं म्हणून निर्यातदारांचं निभावलं, पण एकदोन नग पाठवणाऱ्या दुकानदाराला तो सगळा व्याप परवडत नाही.

हे सुटलं कसं? नॅम, युरोपातल्या वाद्यउद्योगाचा महासंघ, वाद्यवृंदांच्या संस्था आणि गिटार बनवणारे एकत्र येऊन सरकारांच्या मागे लागले. 2019 च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाच्या बैठकीत तयार वाद्यं, त्यांचे तयार भाग आणि इतर साहित्य यांना सूट मिळाली. ती 26 नोव्हेंबरपासून लागू झाली. ब्राझीलचं शिसव मात्र 1992 पासून पहिल्या, जास्त कडक परिशिष्टात आहे आणि तिथं ही सूट नाही, तेव्हा जुनी गिटार विकायला घेतलीत तर ते आधी तपासा. या लढाईचे फोटो कुठं झळकले नाहीत. तबला पाठवताना निम्मे कागद कमी झाले, एवढंच दुकानात जाणवलं.

आता दुसरी बाजू. संघटना म्हणजे भाव ठरवायची जागा असा आपल्याकडे पक्का समज आहे. 'सगळ्यांनी मिळून रेट धरायचा' हे वाक्य मी चहाच्या टपरीवर इतक्यांदा ऐकलंय! अमेरिकेच्या व्यापार आयोगानं 2009 मध्ये नॅमवरच कारवाई केली. आरोप असा की तिच्या बैठकांत दुकानदार आणि उत्पादक किमान जाहिरात-किमतीसारख्या (जिच्याखालचा भाव जाहिरातीत छापायचा नाही ती किंमत) गोष्टींची देवाणघेवाण करत होते आणि संघटना त्याला उत्तेजन देत होती. शेवटी तडजोडीचा आदेश निघाला. आपल्या स्पर्धा आयोगानंही औषधविक्रेत्यांच्या संघटनांना असल्या एकीबद्दल दंड केले आहेत. तेव्हा बैठकीत कुणी रेटचा विषय काढला तर चहा संपवा आणि निघा.

आपल्याकडचं सांगायचं तर जीएसटीत हातानं बनवलेल्या देशी वाद्यांना करमाफी आहे, त्याची वाद्यवार यादीच आहे. तबला, सितार एका रकान्यात आणि कारखान्यातली गिटार दुसऱ्यात, म्हणून बिलं करताना नीट बघा. अशा याद्यांत आपलं वाद्य बसवून घ्यायला कुणीतरी खात्याकडे खेपा घालाव्याच लागतात. मिरजेनं ते वेगळ्या पद्धतीनं केलं. 2024 मध्ये मिरजेच्या सितारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं; सितारीसाठी अर्ज तिथल्या वाद्यनिर्मात्यांच्या क्लस्टरचा, म्हणजे सामूहिक गटाचा, होता, तंबोऱ्यासाठी कारागिरांच्या उत्पादक कंपनीचा. मानांकनानं उद्या कुणाची जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी आस, सुधारणार नाही, पण दुसरीकडे बनलेल्या तंबोऱ्यावर 'मिरज' लिहून विकणाऱ्याला आता नोटीस धाडता येते.

पुण्यात उलटा प्रकार. 2024 च्या गणपतीआधी हरित लवादानं ढोल-ताशा पथकात तीसच जण, अशी मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयात पथकवाले गेले आणि सप्टेंबरमध्ये स्थगिती घेऊन आले. ज्यांचा हंगाम त्या ढोलांवर चालतो ते आम्ही विक्रेते टीव्हीवर बातमी बघत होतो. गिऱ्हाईक आमच्यापेक्षा संघटित निघालं.

तर सभासद व्हावं का? नॅमचं आत्ता नको. स्वतः आयात करायला लागाल तेव्हा बघा. मुंबईचं पाम एक्स्पो हे साउंड-वाद्यांचं व्यापारी प्रदर्शन मात्र चुकवू नका, तिथं बराच भर साउंडवर असला तरी आयातदार आणि वितरक एका छताखाली भेटतात. आपल्या भागातल्या व्यापारी संघाची वर्गणी जरूर भरा, पार्किंग आणि पाटीच्या परवान्यासाठी तोच उपयोगी पडतो. वाद्यव्यवसायाची म्हणून कुणी वर्गणी मागायला आलं, तर गेल्या दोनेक वर्षांत कुठल्या खात्याला काय निवेदन दिलं, त्याची प्रत मागा. नुसतेच सत्काराचे फोटो दाखवले, तर त्या पैशात शेजारच्या शाळेला चार युकुलेले द्या आणि शिकवायला आठवड्यातून एकदा माणूस पाठवा. कोथरूडला शाळा भरपूर आहेत.