धरणाशी भांडता भांडता उभं राहिलेलं सरकार

प्रश्न: ताई नमस्कार, मी मॉन्ट्रियलला असतो, हिवाळ्यातलं हीटिंग सगळं विजेवर. ऑफिसात कोणीतरी म्हणालं की यातली बरीच वीज उत्तर क्यूबेकमधल्या क्री या आदिवासी लोकांच्या नद्यांवरची, त्यांनी पैसे घेऊन जमिनीवरचा हक्क सोडला आणि आता त्यांचं स्वतःचं सरकार आहे. हक्कच सोडला तर मग सरकार कसलं? आणि मेच्या सुरुवातीला गाडीने चिसासिबी या क्री गावाला जायचं मनात आहे, जावं का?
(एक वाचक, मॉन्ट्रियल)

उत्तर: पहिल्या प्रश्नाचं जरा लांबून सांगते, कारण "पैसे घेऊन सोडला" एवढंच ऐकलं की फार चुकीचं चित्र डोळ्यासमोर येतं.

एप्रिल 1971 मध्ये क्यूबेकचे प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, रोबेर बुरासा यांनी धरणं बांधून वीज काढायचा जेम्स बे प्रकल्प जाहीर केला, आणि ज्यांच्या नद्या अडवायच्या त्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही, क्री लोकांना कळलं ते रेडिओ नि पेपरातून. तोवर सगळ्या गावांचं मिळून असं काही सरकार नव्हतंच, गावोगावचे चीफ आणि डोक्यावर ओटावाचा, म्हणजे केंद्र सरकारचा, आदिवासींचा कारभार चालवणारा इंडियन अ‍ॅक्ट. त्या उन्हाळ्यात मिस्तिसिनी या क्री गावात गावोगावची माणसं पहिल्यांदा एकत्र बसली, त्यात आताच्या वास्कागानिशचा चीफ बिली डायमंड, वय फक्त बावीस, लहानपणी घरापासून तोडून निवासी शाळेत घातलेला आणि आता तिथे शिकलेल्या इंग्रजीतच सरकारशी भांडणारा. मग कोर्ट. शिकाऱ्यांनी साक्षी दिल्या, नदी कुठे वळते, बीव्हर कुठे असतो, मासा कुठे अंडी घालतो, आणि 15 नोव्हेंबर 1973 ला न्यायमूर्ती माल्युफ यांनी काम थांबवलं! पण आठवड्याभरात वरच्या कोर्टाने ती बंदी उठवली, बुलडोझर परत सुरू.

म्हणजे 11 नोव्हेंबर 1975 ला सरकारशी झालेल्या करारावर सही झाली ती धरण डोळ्यासमोर वर येत असताना. जमिनीवरचा मूळ हक्क सोडल्याचं कलम त्यात आहे, हो, आणि ते वाचताना मला आजही त्रास होतो. क्री आणि त्यांच्या उत्तरेला राहणारे इन्युइट आदिवासी दोघांना मिळून 22.5 कोटी डॉलर मिळाले, सगळे तोच आकडा सांगतात, पण माझ्या मते खरी मिळकत वेगळीच होती, स्वतःचं शाळा मंडळ, स्वतःचं आरोग्य मंडळ, आणि वर्षातला बराच काळ जंगलात राहून शिकार करणाऱ्या कुटुंबांना तिथे काढलेल्या दिवसांप्रमाणे पैसे. ज्यांची मुलं निवासी शाळेत नेली होती त्यांच्याच हातात शाळा आली! आज वसंतात हंस आले की शाळा नि ऑफिसं दोनेक आठवडे बंद, आजी-आजोबा, नातवंडं सगळे शिकारीच्या कॅम्पवर. शाळेला सुट्टी कधी द्यायची हे आता गावाला ठरवता येतं, मला तर स्वराज्य म्हटलं की आधी हेच दिसतं.

1984 मध्ये वेगळा कायदा होऊन इंडियन अ‍ॅक्टचं जोखड बरंच उतरलं. पण दिलेला शब्द सरकारकडून पाळून घेण्यात कितीतरी वर्षं गेली, त्यात ग्रेट व्हेल नावाचं आणखी एक धरण आलं, तेव्हा 1990 मध्ये क्री आणि इन्युइट लोक अर्धी कनू अर्धी कयाक अशी ओडेयाक नावाची होडी घेऊन थेट न्यूयॉर्कला गेले, कारण वीज तिथे विकायची होती. न्यूयॉर्कने खरेदी रद्द केली आणि 1994 ला तो प्रकल्प बासनात गेला. 2002 चा करार मात्र थेट क्री राष्ट्र आणि क्यूबेक यांच्यात, 50 वर्षांचा. 2014 पासून प्रादेशिक सरकारात क्री आणि तिथले बिगर-क्री रहिवासी शेजारी शेजारी बसतात, आणि 2017 मध्ये ओटावाशी सही होऊन 2018 पासून क्री राष्ट्राची स्वतःची घटना लागू आहे.

पण हे सगळं पूर्ण झालंय असं समजू नका. इयू इस्ची, म्हणजे "लोकांची भूमी", हा मुलूख महाराष्ट्राहून मोठा, आणि त्यातली गावांच्या पूर्ण ताब्यातली जमीन साडेपाच हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे साधारण आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याएवढी. बाकी ठिकाणी कुठे फक्त शिकारीचा हक्क तर कुठे सल्लामसलत, आणि खाण नि जंगलतोडीवरून ओढाताण चालूच.

आता तुमची ट्रिप. मेच्या सुरुवातीला नको, हंसांचे दिवस असतात, गाव रिकामं मिळेल. जुलैमध्ये जा. चिसासिबी हे स्वतःच हलवलेलं गाव आहे, धरणामुळे नदीचं पाणी वाढून बेटाची धूप होईल म्हणून 1980 च्या सुमाराला फोर्ट जॉर्ज बेटावरून घरंसुद्धा उचलून आणली, आणि उन्हाळ्यात लोक अजून त्या बेटावर जमतात. कोणी बोलावलं तर नक्की जा. रस्ता माटागामीहून सरळ उत्तरेला, धरणासाठीच बांधलेला, 2020 पासून त्याला बिली डायमंडचं नाव आहे. 381 व्या किलोमीटरला पेट्रोल पंप लागेल, तिथे टाकी फुल करून घ्या, त्या रस्त्यावर दुसरा पंप नाही.