चित्रं सुंदर आहेत, पण मार कुठून बसला ते कळत नाही: छोट्या टीमने अ‍ॅक्शन आरपीजीत आधी काय दुरुस्त करावं?

तुमच्या प्रश्नाचा गाभा असा: पुण्यातली तिघांची टीम, गोडो या गेम इंजिनवर बनणारा पिक्सेल आर्टचा अ‍ॅक्शन आरपीजी (लढत लढत पात्र वाढवत न्यायचा खेळ), वरून तिरका कॅमेरा, पेशवाईतले वाडे आणि सिंहगडासारखा किल्ला. डेमो खेळणारे म्हणतात, "दिसतं भारी, पण कशाने मेलो ते समजलं नाही." म्हणून तुम्ही विचारलंय की चित्रातले बारकावे कमी करायचे की लढाई हळू करायची.

लढाईचा वेग आत्ता बदलू नका, आणि बारकावेही सरसकट पुसू नका. आधी उजेडाची वाटणी तपासा, मग शत्रूच्या वाराआधीची तयारी. माझ्या मते या प्रकारच्या खेळात चित्रकार आणि डिझायनर यांनी एकाच तक्त्यावर काम करायला हवं: कोणती फ्रेम किती वेळ दिसते आणि पडद्यावर सगळ्यात उजळ काय असतं. हे दोन आकडे वेगवेगळ्या फायलींत राहिले की चित्र एक सांगतं आणि वार भलतंच करतो.

लढाई सुरू असतानाचे दहा-बारा स्क्रीनशॉट घ्या आणि क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये करडे करा. डिसॅच्युरेट करताना 'ल्युमिनोसिटी'चा पर्याय निवडा. नुसतं सॅच्युरेशन शून्यावर आणलं तर पिवळा आणि निळा एकाच करड्यात जातात, डोळ्याला मात्र पिवळा कितीतरी उजळ दिसतो. करड्या चित्रात नायक, शत्रू आणि वार हे तिन्ही क्षणात सापडले पाहिजेत. उजेडाच्या शंभरच्या मोजपट्टीवर (० काळा, १०० पांढरा) मी भिंती १५ ते ३०, जमीन ३५ ते ५०, माणसांच्या डोक्या-खांद्यांवरची उजळ कड ६५ ते ८० अशी ठेवेन आणि ९० च्या वरचा पट्टा फक्त धोक्यासाठी राखेन. मजकुरातला पांढरासुद्धा लढाईच्या जागेत येऊ देऊ नका.

सह्याद्रीच्या देखाव्यात हमखास बिघडतं ते इथेच. आपला दगड बेसाल्ट. फोटोत तो काळाभोर येतो, म्हणून चित्रकार जमीनही काळी करतो आणि सावळा, गडद कपड्यातला मावळा तिच्यात बुडून जातो. कोरडा, वारा-पाऊस खाल्लेला बेसाल्ट प्रत्यक्षात तपकिरी-करडा असतो, त्यावर दगडफुलाचे फिके डाग असतात. ओला झाला की तो निळसर काळा होतो. त्यामुळे उन्हाळ्याचा आणि पावसाचा टप्पा एकाच रंगपट्टीत बसत नाही. पावसात जमीन दहा-पंधरा अंकांनी खाली जाते, तेव्हा माणसांची कड थोडी वर न्यावी लागते, पण ९० च्या खालीच.

रंगाचंही तसंच. मराठी वातावरणात भगवा सगळीकडे असतो: झेंडा, पताका, शेला, मशालीचा उजेड. अशा पडद्यावर शत्रूच्या वाराची सूचना केशरी दिली तर ती दिसणारच नाही. पिवळाही जातो, कारण पावसाळा संपताना गडावर सोनकी फुलते, आणि तुम्ही ती काढलीत (काढायलाच हवी, ती नसेल तर भाद्रपदातला गड गड वाटत नाही) की जमिनीवरची पिवळी सूचना फुलांत हरवते, पडलेली सोन्याची मोहोरसुद्धा. धोक्याला असा रंग द्या जो त्या जगात दुसऱ्या कुणाच्या अंगावर नाही. मी राणी रंग घेईन, मध्यभागी पांढरा आणि कडेला राणी. तो एकदा ठरला की कुठल्याही साडीला, गुलालाला, जास्वंदीला वापरायचा नाही. आणि नुसत्या रंगावर भिस्त ठेवू नका, लाल-हिरवा न ओळखणारेही खेळतात. वाराला आकारही हवा: भोसकण्याच्या वाराला जमिनीवर लांब पट्टी, फिरवण्याच्या वाराला कमान.

आता वेळ. खेळ सेकंदाला ६० फ्रेमवर चालतो असं धरू, म्हणजे एक फ्रेम सुमारे १६.७ मिलिसेकंदांची. दिसलं आणि बटण दाबलं, एवढ्यालाच माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. त्यात 'डावीकडे लोळू की ढाल धरू' हा निर्णय आणि टीव्हीचा उशीर मिळवला की ३५० सहज होतात. म्हणून साध्या शत्रूची तयारी २४ फ्रेमपेक्षा कमी नको. मी ३० पासून सुरुवात करेन.

उदाहरणाला भालाईत घ्या. तयारीच्या ३० फ्रेम सारख्या वाटू नका. पहिल्या ४ फ्रेममध्ये तो एक पाऊल मागे जातो, खांदा वळतो, भाल्याचं टोक अंगाच्या मागे जातं आणि बाह्यरेषा एकदम बदलते. पुढच्या २२ फ्रेम तेच एक चित्र धरून ठेवायचं, फक्त दोन फ्रेमआड एक पिक्सेल थरथर. शेवटच्या ४ फ्रेममध्ये टोकावर चमक आणि एक छोटा, ठरलेला आवाज. मग वार: फक्त ४ फ्रेम, त्यातलं एक चित्र लांब ओढलेलं. त्यानंतर सावरायला २८ फ्रेम, भाला जमिनीकडे झुकलेला, कारण खेळणाऱ्याची उलटा वार करायची संधी हीच. तयारीचे ५०० मिलिसेकंद, त्यातून ३५० प्रतिक्रियेचे गेले, उरले १५० म्हणजे ९ फ्रेम. नायकाची लोळण दुसऱ्या फ्रेमपासून अभेद्य (म्हणजे मार न लागणारी) असेल तर तेवढ्यात जमतं. लोळण एकूण २६ फ्रेम, त्यातल्या १२ अभेद्य, हा चांगला आरंभ आहे.

बरेच जण ३० फ्रेमच्या तयारीसाठी सहा चित्रं काढतात आणि प्रत्येक ५ फ्रेम दाखवतात. हालचाल मऊ होते, वार मात्र वाचता येत नाही, कारण डोळ्याला थांबलेली पोज लागते. दोन चित्रं कमी काढा आणि एक जास्त वेळ धरा. कामही वाचतं.

तिरक्या कॅमेऱ्यात आणखी एक अडचण आहे. भालाईत कॅमेऱ्याकडे तोंड करून भोसकतो तेव्हा भाला आखूड दिसतो आणि पोहोच किती ते कळत नाही. वर आणि खाली जाणाऱ्या वारांना जमिनीवरची पट्टी द्याच. डावी-उजवीकडच्या वारांना ती नसली तरी चालतं.

दांडपट्ट्याचा हिशेब वेगळा. पातं लांब आणि लवचीक, मूठ कोपरापर्यंतच्या लोखंडी खोबणीत, त्यामुळे मनगट वळत नाही आणि वार खांद्यातून फिरतो. भोसकणं त्याला शोभत नाही, घेर शोभतो. घेराची कमान वेगळ्या स्प्राइटवर (पडद्यावर स्वतंत्र हलवता येणाऱ्या चित्रावर) काढा, आणि वार लागण्याचं क्षेत्र त्या कमानीएवढंच ठेवा. कमान विरताना छान दिसते म्हणून ती दहा फ्रेम पूर्ण उजेडात रेंगाळली तर खेळणाऱ्याला वाटतं वार अजून चालू आहे. वार संपला त्याच फ्रेमला कमानीचा उजेड निम्म्यावर आणा.

वार लागल्यावर मारणारा आणि मार खाणारा दोघांनाही थांबवा: साध्या वाराला ३ फ्रेम, मालिकेतल्या शेवटच्याला ६ ते ७. ठिणग्या आणि धूळ चालू राहू द्या, नाहीतर खेळ अडकल्यासारखा वाटतो. कॅमेऱ्याचा हादरा ३६० पिक्सेल उंचीच्या पडद्यावर २-३ पिक्सेल पुरे. आणि चार शत्रूंनी घेरलं तरी एका वेळी दोघांनाच वाराची परवानगी द्या. तुमच्या डेमोबद्दलच्या तक्रारीतला मोठा भाग या एका नियमाने कमी होईल असं मला वाटतं.

टक्कर क्षेत्रांवर (कोण कुठे धडकतो आणि मार कुठे लागतो ते ठरवणाऱ्या अदृश्य चौकटींवर) फार बोलत नाही. पायाशी १२×८ पिक्सेलचं क्षेत्र चालण्यासाठी. नायकाला मार लागण्याचं क्षेत्र धडापुरतं, पगडी आणि शेल्याचा पदर त्यात नको. नायकाच्या हत्याराचं क्षेत्र चित्रापेक्षा थोडं मोठं, शत्रूच्या हत्याराचं थोडं लहान.

वाड्याच्या नकाशावर मात्र वेळ घाला. आतल्या रचनेसाठी शनिवारवाड्याचा उपयोग मर्यादित आहे: १८२८ च्या आगीनंतर आत जोतीच उरली आहेत. तटबंदी, बुरूज आणि दिल्ली दरवाजा यांसाठी तिथे जा. लाकूडकामासाठी विश्रामबागवाडा पाहा, १८०७ चा, सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब आणि कोरीव सज्जा अजून आहेत. दिवे, कुलपं, अडकित्ते, दरवाजे यांसाठी केळकर संग्रहालय. जमिनीवर पडणाऱ्या वस्तूंची अर्धी यादी तिथेच तयार होते. फोटो ढगाळ दिवशी किंवा सकाळी लवकर काढा, म्हणजे सावली रंग बिघडवणार नाही, आणि चौकटीत मोजपट्टी धरा. संरक्षित स्मारकात ट्रायपॉडला आधी परवानगी लागते.

नकाशाचं एकक खण ठेवा. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, वाडा मुळात खणांनीच मोजला जायचा, त्यामुळे तुमचे तुकडे आपोआप जुळतात. ४८ पिक्सेल उंचीच्या नायकासाठी एक खण ६४ पिक्सेल धरा. खऱ्या वाड्याचे दरवाजे ठेंगणे आणि अरुंद असतात. खेळात दरवाजा निदान ३२ पिक्सेल रुंद हवा, नाहीतर लोळताना माणूस चौकटीत अडकतो. ओसरीच्या खांबांचा त्रास सगळ्यात जास्त, कारण कॅमेऱ्याजवळची रांग शत्रूला झाकते. नायक किंवा शत्रू खांबामागे गेला की खांबाचा वरचा भाग ३० टक्केच दिसेल इतका पारदर्शक करा, दगडी तळखडा मात्र पूर्ण दिसू द्या, टक्कर त्याच्याशीच आहे. मोठी लढाई चौकात ठेवा, ओसरीत एखाद-दुसरा शत्रू. वाड्याची रचनाच तुम्हाला लढाईची लय देते, ती वापरा.

आरपीजी म्हणजे वेशभूषा आणि हत्यारं बदलणार, आणि तिथे तिघांची टीम बुडते. हिशेब करा. उभं राहणं ४ चित्रं, धावणं ८, तीन वार प्रत्येकी ६, लोळण ५, मार २, मरण ६, एकूण ४३. तीन दिशा (खाली, वर, बाजू) म्हणजे १२९. सहा पगड्या, चार अंगरखे, पाच हत्यारं प्रत्येक फ्रेमवर वेगळ्या थरात काढली तर मूळ देहासह १६ थर, म्हणजे २,०६४ चित्रं. एका चित्राला पंधरा मिनिटं धरली तरी ५१६ तास.

त्याऐवजी पगडी डोक्याला जोडलेली वेगळी वस्तू करा: सहा पगड्या, तीन दिशा, १८ चित्रं, आणि प्रत्येक फ्रेममध्ये डोक्याचा बिंदू नोंदवून ठेवा. अंगरख्याचा रंग शेडरने (चित्र दाखवतानाच रंग बदलणाऱ्या छोट्या प्रोग्रामने) बदला, नवीन चित्र शून्य. हत्यार फक्त वाराच्या फ्रेममध्ये हातात, एरवी कमरेला किंवा पाठीला: पाच गुणिले १८ गुणिले ३, म्हणजे २७०. सगळं मिळून ४१७ चित्रं, सुमारे १०४ तास. बाजूचं चित्र आरशासारखं उलटवताना ढाल आणि तलवार हात बदलतात. लहान आकारात बहुतेकांना ते खपतं, पण पट्ट्याची खोबणी ठळक असते, त्या हत्याराला डावी बाजू वेगळी काढा. दुसरा मार्ग 'डेड सेल्स' या खेळाचा: थ्रीडी मॉडेल हलवून त्याचे लहान पिक्सेल स्प्राइट काढायचे. तुमच्यात ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर येणारं कुणी असेल तर विचार करा.

रिझोल्यूशन ६४०×३६० योग्य आहे: दुपटीला १२८०×७२०, तिपटीला १९२०×१०८०, सहापटीला ३८४०×२१६०. स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या यंत्राचा पडदा १२८०×८०० आहे, तिथे वर-खाली ४० पिक्सेलच्या पट्ट्या येतील, त्या येऊ द्या. ताणून भरलंत तर पिक्सेल वेडेवाकडे होतात.

मराठी मजकूर मात्र ६४० वर काढू नका. वर वेलांटी-रफार, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, एवढं सगळं त्या उंचीत बसत नाही. खेळाचं जग सबव्ह्यूपोर्टमध्ये (गोडोतल्या पडद्याआतल्या पडद्यात) ६४०×३६० वर आणि मजकूर त्याच्या बाहेर पडद्याच्या मूळ रिझोल्यूशनवर ठेवा. गोडो ४ मध्ये अक्षरजुळणी हार्फबझ या लायब्ररीने होते, त्यामुळे जोडाक्षरं नीट येतात. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, आणि "शिर्के, ऱ्हास, पुऱ्या, द्वारपाल, कृष्णाजी" हे शब्द प्रत्येक चौकटीत टाकून पाहा. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागेल, म्हणून संवादाची चौकट मराठीवर मोजून बनवा.

हे सगळं झाल्यावर खेळ कधीच न पाहिलेल्या पाच जणांना बसवा, पडदा रेकॉर्ड करा आणि तोंडातून शब्द काढू नका. प्रत्येक मरणानंतर एकच प्रश्न: "कशाने गेलात?" दहा मरणांपैकी आठांना शत्रूचं आणि वाराचं उत्तर बरोबर आलं तर वाचनीयता जमली, मग खेळ कठीण आहे का, हा वेगळा प्रश्न. आठांच्या खाली असाल तर रेकॉर्डिंगमध्ये तो क्षण करडा करून पाहा, बहुतेकदा कारण तिथेच दिसतं. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या नेक्स्ट फेस्ट या डेमो-महोत्सवात एका खेळाला एकदाच भाग घेता येतो, त्यामुळे ही चाचणी पार होईपर्यंत नाव नोंदवू नका.