'सेट' या एकाच इंग्रजी शब्दाला चारशेहून जास्त अर्थ आहेत हे खरं का? आणि ते लक्षात कसे ठेवायचे?

आकडा खरा आहे, फक्त जुना आहे. आणि लक्षात ठेवायचं म्हणाल, तर ते अर्थ पाठ करण्याच्या फंदात पडू नका. भाषांतराच्या कामात हा शब्द मला रोज भेटतो, पण त्याच्या अर्थांची यादी मी कधी केलेली नाही. ती का करावी लागली नाही, ते सांगतो.

आधी आकड्याचं. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती 1989 साली 20 खंडांत निघाली. तिच्यातली सर्वांत लांब नोंद होती 'सेट' या क्रियापदाची. सुमारे 60,000 शब्दांची, म्हणजे बऱ्यापैकी जाड कादंबरीएवढी. नुसत्या क्रियापदाचे 430 अर्थ आणि 'सेट अप', 'सेट ऑफ' अशी जोडरूपं आणि वाक्प्रचार धरले तर 580 च्या आसपास. पुढे तिसऱ्या आवृत्तीचं काम एम या अक्षरापासून सुरू झालं आणि 'सेट'चा पहिला नंबर गेला. 2000 मध्ये 'मेक', 2007 मध्ये 'पुट' आणि 2011 मध्ये 'रन' असे एकेक शब्द पुढे सरकले. एकट्या 'रन'चे अर्थ 645 भरले.

या आकड्यांनी दबून जाऊ नका. हा कोश ऐतिहासिक आहे. शब्दाचा एखादा वापर काही शतकांपूर्वी मेला असला तरी त्याला तिथे जागा असते. शिवाय अर्थ मोजणं हे खुर्च्या मोजण्यासारखं नाही. 'किंमत सेट करणे' आणि 'तारीख सेट करणे' हे दोन अर्थ की एकच? एक कोशकार दोन नोंदवील, दुसरा दोन्ही एका ओळीत मिटवील. विद्यार्थ्यांसाठीच्या छोट्या कोशात हाच शब्द पान-दीड पानात आटोपतो आणि त्यावाचून कुणाचं अडत नाही.

आता मुद्द्याचं. इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणे. 'सेट' हे मुळात त्याचंच प्रयोजक रूप आहे, म्हणजे बसवणे. मराठीत बसणे-बसवणे, पडणे-पाडणे अशा जोड्या आपण सहज करतो. इंग्रजीत ही सोय आता मोडीत निघाली आहे, पण इंग्रजी ज्या कुळातली, त्या जुन्या जर्मानिक भाषांत ती होती आणि 'सिट-सेट' ही जोडी तिथूनच उरलेली आहे. 'फॉल-फेल' ही दुसरी, झाड पडणे आणि झाड पाडणे. नातं आणखी मागे नेलं तर 'सिट' आणि संस्कृतातला 'सद्' हा धातू एकाच घरातले निघतात. सदन, परिषद, सभासद हे शब्द त्या 'सद्'चे. आणि 'सेट' थेट संस्कृतातल्या 'सादयति'च्या शेजारी बसतो, त्याचाही अर्थ 'बसवतो' हाच. आपलं 'बसणे' मात्र 'उपविश्'वरून आलंय, त्यामुळे शब्दाशी रक्ताचं नातं नाही. नातं आहे ते विचारपद्धतीचं.

आणि ते इतकं जवळचं आहे की अर्धं काम तिथेच होतं. निखळलेलं हाड सेट करतात, आपण हाड बसवतो. अंगठीत खडा सेट करतात, आपण खडा बसवतो. 'बसणे'चा पसारा एकदा डोळ्यांसमोर आणा: आवाज बसतो, धक्का बसतो, विश्वास बसतो, कपडा अंगाला बसतो, माणूस परीक्षेला बसतो, आणि 'वाट पाहत बसला' म्हणताना तो उभा असला तरी चालतं. यातलं काहीही आपण पाठ केलेलं नाही. 'विश्वास'च्या शेजारचं बसणं वेगळं आणि 'धक्का'च्या शेजारचं वेगळं, हे शेजारच्या शब्दावरूनच कळतं. 'सेट' तसाच चालतो.

'बसवणे' जिथे पुरत नाही तिथे बहुतेक वेळा 'लावणे' किंवा 'ठरवणे' पुरतं. गजर लावणे, सापळा लावणे, आग लावणे, कवितेला चाल लावणे, या सगळ्यांना इंग्रजीत 'सेट'. तारीख, किंमत, मर्यादा, ध्येय ठरवणे, यांनाही 'सेट'. मागे कल्पना एकच आहे: एखादी गोष्ट अशा जागी किंवा अशा अवस्थेत आणायची की ती तिथे राहील. छापखान्यातले खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, जुळवणं हे सेट करणंच. सुताराच्या करवतीलाही सेट असतो. तिचे दात एक आड एक डावीकडे-उजवीकडे किंचित वाकवलेले असतात, त्यामुळे लाकडात पडणारी खाच पात्यापेक्षा थोडी रुंद होते आणि पातं अडकत नाही. हे वाकवणं म्हणजेच सेट. सेटर जातीच्या शिकारी कुत्र्याचं नावही असंच पडलं. पक्ष्याचा वास लागला की तो भुंकत नाही, जमिनीलगत दबून बसतो आणि शिकाऱ्याला जागा दाखवतो.

काही वापरांत कुणी बसवणारा नसतो, वस्तू आपली आपण बसते. सूर्य सेट होतो, म्हणजे क्षितिजाखाली बसतो. आपण मावळतो म्हणतो. काँक्रीट सेट होतं. इथे अनुवादकाला एक खड्डा आहे: 'सेट होणं' आणि 'कठीण होणं' या बांधकामात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओलं मिश्रण हवा तसा आकार घेईनासं झालं की ते सेट झालं, आणि हे काही तासांत होतं. बळ येणं त्यानंतर आठवडेच्या आठवडे चालू राहतं. दोन्हींना 'घट्ट होणे' लिहून मोकळं झालं की बांधकामवाला वाचक वैतागतो.

इथवर एकच शब्द होता. चहाच्या कपांचा सेट, हत्यारांचा सेट, बुद्धिबळाचा सेट म्हणतो तेव्हा मात्र शब्दच दुसरा असतो. हा 'सेट' जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मागे लॅटिन 'सेक्टा' आहे, म्हणजे कुणाच्या मागे जाणारा गट, पंथ. इंग्रजीतला पंथवाचक 'सेक्ट' त्याचा सख्खा भाऊ. 'सेक्टा' ज्या 'मागे जाणे' अर्थाच्या धातूवरून आला, त्याचा संस्कृतातला नातेवाईक 'सच्', सोबत असणे, आणि त्यावरून आपला 'सचिव'. म्हणजे एका 'सेट'चं गोत्र सभासदाचं आणि दुसऱ्याचं सचिवाचं. उच्चार आणि स्पेलिंग एक झाल्यामुळे पुढे दोघांचे अर्थ एकमेकांत मिसळले, आणि आज कोशकारालाही काही ठिकाणी धागा सुटा करणं जड जातं. नाटकाचा सेट बघा: वस्तूंचा संच म्हणून त्याला दुसऱ्या घरात टाकावंसं वाटतं, पण तो आहे पहिल्या घरातला, रंगमंचावर उभारलेलं, बसवलेलं ते.

गणितातला सेट आपण 'संच' म्हणून शिकलो आणि तो शब्द छान आहे, पण व्यवहारातल्या संचाशी त्याची गल्लत करू नये. गेऑर्ग कॅंटोरने 1874 पासून जो सिद्धांत मांडला, त्यात क्रमाला किंमत नाही आणि तोच घटक दोनदा मोजत नाहीत. एक आणि दोन यांचा संच आणि दोन, एक, पुन्हा एक यांचा संच, दोन्ही एकच. शिवाय ज्यात काहीच नाही असा रिक्त संचही चालतो. दुकानदाराने रिकामा खोका 'सेट' म्हणून विकला तर तुम्ही घ्याल का? टेनिसचा आणि व्यायामाचा सेट तुम्हाला ठाऊकच असेल, त्यावर वेळ घालवत नाही.

इतक्या छोट्या शब्दावर इतका भार का पडतो, हाही प्रश्न रास्त आहे. जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाने 1945 मध्ये दाखवलं की शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त, आणि हे प्रमाण ढोबळमानाने वर्गमुळाचं असतं. चौपट वापरला जाणारा शब्द साधारण दुप्पट अर्थ वाहतो. म्हणून 'सेट', 'रन', 'पुट' अशा एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या छोट्या, रोजच्या शब्दांचीच ही गत होते. लांबलचक, पंडिती शब्द एका अर्थावर सुखाने जगतात.

आता खरी त्रासाची जागा. पहिला त्रास काळाचा. 'सेट'चं वर्तमान, भूत आणि भूतकालवाचक धातुसाधित, तिन्ही 'सेट'च. 'पुट', 'कट', 'हिट' यांचंही तेच. 'दे सेट द रूल्स' हे वाक्य एकटं समोर आलं तर ते नियम ठरवतात की त्यांनी ठरवले, हे देवालाही सांगता येणार नाही. मागचं-पुढचं वाक्य पाहावंच लागतं.

दुसरा त्रास जोडरूपांचा, आणि माझ्या मते मेहनत घ्यायची तर इथेच घ्यावी. कारण इथे 'बसवणे' हात देत नाही. 'सेट ऑफ' म्हणजे प्रवासाला निघणे, स्फोट घडवणे, एखादा रंग खुलवणे, आणि हिशेबात एक रक्कम दुसरीतून वळती करणे. 'सेट अप' म्हणजे संस्था उभारणे, आणि एखाद्याला खोट्या प्रकरणात अडकवणेही. बोली मराठीत आपण 'सेटिंग' म्हणतो तो आतल्या आत जमवलेला मामला या दुसऱ्या अर्थाच्या जवळचा. इंग्रजी माणसापुढे 'सेटिंग आहे' म्हणालात तर तो कॅमेऱ्याची किंवा फोनची व्यवस्था समजेल.

सर्वांत घातक 'सेट असाइड'. एरवी याचा अर्थ बाजूला ठेवणे, राखून ठेवणे. कोर्टाच्या कागदात मात्र 'आदेश सेट असाइड केला' म्हणजे आदेश रद्दबातल ठरवला. नवखे अनुवादक तिथे 'निकाल बाजूला ठेवला' असं लिहितात. मराठी वाचक ते 'निकाल राखून ठेवला' असं वाचतो, म्हणजे निर्णय अजून यायचाय. प्रत्यक्षात निर्णय लागलेला असतो आणि खालच्या कोर्टाचा आदेश उडालेला असतो. असा कागद तपासताना मी सगळ्यात आधी हेच दोन शब्द शोधतो.

तेव्हा वहीत 'सेट म्हणजे' असं लिहून पुढे अर्थांची रांग लावू नका. जोड्या लिहा: हाड सेट करणे, गजर सेट करणे, आदेश सेट असाइड करणे. वाचताना अडलात की आधी लगेचच्या शेजारी कर्म आहे का पाहा, मग मागून एखादं 'अप', 'ऑफ', 'असाइड' चिकटलंय का पाहा. ते चिकटलेलं असेल तर अंदाज न करता सरळ कोश उघडा. नसेल तर आधी बसवणे, मग लावणे, मग ठरवणे लावून बघा. या तिघांपैकी एक बहुधा बसतंच.