रश्श्यात काय आहे ते आधी विचारा : कोरियातील जेवणाविषयी वाचकांचे प्रश्न

बुसान येथील आमच्या वास्तव्यावर गेल्या अंकात आम्ही उभयतांनी लिहिलेल्या लेखावर बरीच पत्रे आली. यजमानांच्या नोकरीनिमित्त दक्षिण कोरियात राहताना मूळची मालवणची आणि मासे खाणारी मी, आणि अंडेही न खाणारे हे, अशा दोघांनी एकाच टेबलावर कसे निभावले, हा त्या लेखाचा विषय होता; त्यामुळे बहुतेक पत्रांचा रोख जेवणाकडेच असावा, यात नवल नाही. सारखे प्रश्न एकत्र करून येथे उत्तरे देत आहोत. लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. शाकाहारासंबंधीचा मजकूर मात्र ह्यांनी तपासून दिला आहे.

नाशिकहून एक वाचक लिहितात : आम्ही दोघे निवृत्त असून पूर्ण शाकाहारी आहोत. सोल, जॉन्जू आणि बुसान असा दौरा ठरवत आहोत. ‘बिबिम्बाप सगळीकडे मिळतो आणि तो शाकाहारीच असतो,’ असे आम्हाला सांगण्यात आले आहे. त्यावर विसंबावे का?

विसंबू नये. बिबिम्बाप म्हणजे वाडगाभर भातावर मांडलेल्या निरनिराळ्या भाज्या, वर अंडे आणि गोचुजांग हे तिखट-गोडसर मिरचीचे वाटण. हे सर्व चमच्याने कालवून खायचे. पुष्कळ ठिकाणी त्यात गोमांसाचा खिमा असतो, परंतु तो आणि अंडे वगळून द्या असे सांगितले, तर बहुतेक जण आनंदाने वगळतात. अडचण त्यापुढची आहे. ज्या जॉन्जूचा बिबिम्बाप सर्वांत नावाजलेला आहे आणि ज्या शहराला युनेस्कोने 2012 मध्ये खाद्यसंस्कृतीचे शहर म्हणून मान्यता दिली, तेथील पारंपरिक पद्धतीत भातच मुळी गोमांसाच्या रश्श्यात शिजवतात. वरचा खिमा काढला आणि शाकाहार साधला, असे तेथे होत नाही.

म्हणून आमचे सांगणे असे, की कोरियात शाकाहारी माणसाने ताटात काय दिसते यापेक्षा पदार्थ कोणत्या पाण्यात शिजला, याची चौकशी आधी करावी. सुकवलेले अँकोव्ही मासे आणि समुद्रशेवाळ उकळून काढलेले पाणी हा तेथील घरगुती स्वयंपाकाचा पाया आहे. सोयाबीनच्या आंबवलेल्या वाटणाचे द्वेनजांग-जिगे हे कालवण, हाताने कापलेल्या शेवयांचे कालगुक्सू, रस्त्यावरच्या गाड्यांवर लालभडक रश्श्यात रटरटणारे तांदळाचे तॉकबोक्की, या सर्वांत मांसाचा तुकडा दिसला नाही, तरी ते पाणी बहुधा असतेच. कोबी मिठात आंबवून केलेल्या किमचीत खारवलेली बारीक कोळंबी आणि माशांचे आंबवलेले पाणी घालतात. मुगाच्या डाळीचे वाटण तव्यावर घालून केलेले बिंदेतॉक सोलच्या ग्वांगजांग बाजारात जात्यावर दळताना डोळ्यांसमोर दिसते, आणि मूग पाहून आपला जीव भांड्यात पडतो. पण त्यातही किमची असते, कधी डुकराचे मांसही असते. वाढणारी बाई ‘यात मांस नाही’ असे सांगते, तेव्हा ती फसवत नसते. तिच्या लेखी रश्श्यातला मासा हा मांसात मोडतच नाही.

तेव्हा हॉटेलातील एखाद्या कर्मचाऱ्याकडून कोरियन लिपीत एक चिठ्ठी लिहून घ्यावी : मांस, मासे, कोळंबी, अंडी, माशांचा सॉस आणि मासे किंवा मांस उकळून काढलेले पाणी, यांपैकी काहीही चालत नाही. ‘आम्ही शाकाहारी आहोत’ एवढेच लिहून भागत नाही. वगळायच्या जिनसा नावानिशी लिहाव्यात. चिठ्ठी वाचून स्वयंपाकीण मान हलवून ‘नाही जमणार’ म्हणाली, तर वाईट वाटून घेऊ नये. ज्या दुकानात नकार मिळाला, तेथे आपले म्हणणे पुरते समजले आहे, असे हे मानतात.

आता काय खावे, याविषयी. कोरियातील बौद्ध मठांचा स्वयंपाक हा शाकाहारी प्रवाशाचा खरा आधार आहे. त्यात मांस-मासे तर नाहीतच, शिवाय लसूण, कांद्याची पात आणि त्याच वर्गातील उग्र वासाच्या वनस्पती वर्ज्य असतात. आपल्याकडे चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल, परंतु मठांच्या या निषिद्ध पाच जिनसांच्या यादीत हिंगही आहे, हे वाचून आमच्या सासूबाई चांगल्याच नाराज झाल्या होत्या. बुसानमध्ये बॉमॉसा हा 678 मध्ये स्थापन झालेला मठ मेट्रोच्या पहिल्या मार्गावरील त्याच नावाच्या स्थानकापासून जवळ आहे, आणि तेथे आगाऊ नोंदणी करून मुक्काम करता येतो. मठमुक्कामाची ही व्यवस्था देशभर 2002 च्या विश्वचषक फुटबॉल स्पर्धेच्या निमित्ताने सुरू झाली. विधिपूर्वक भोजनात प्रत्येकापुढे एकात एक बसणारे चार वाडगे ठेवतात : भात, रस्सा, भाज्या आणि पाणी यांसाठी. हवे तेवढेच वाढून घ्यायचे, बोलायचे नाही, आणि शेवटी राखून ठेवलेल्या मुळ्याच्या किंवा किमचीच्या फोडीने वाडगे पाण्यासकट पुसून ते पाणी पिऊन टाकायचे. ह्यांना हा प्रकार फार आवडला. मला मुळ्याची फोड चॉपस्टिकमध्ये धरून वाडग्याचा काठ पुसणे जमत नव्हते आणि शेजारच्या भिक्षुणी माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करत होत्या.

मठाबाहेर साधा भात, तिळाचे तेल व मीठ लावून भाजलेले गिम हे समुद्रशेवाळाचे पातळ कागद, टोफू, भाजलेली रताळी, आणि गूळसर साखर, दालचिनी व शेंगदाणे भरलेले हॉतॉक यांवर पोट भरते. सोलमध्ये इतेवॉन भागातील मशिदीच्या आसपास आपल्याकडच्या डाळी, कणीक आणि मसाले विकणारी दुकाने आहेत. स्वयंपाकाची सोय असलेली खोली घेतली, तर रात्री वरण-भाताची अडचण पडत नाही. दररोज भारतीय उपाहारगृहात नेऊन पनीर खाऊ घालणाऱ्या सहलींविषयी मात्र आमचे मत चांगले नाही. त्यासाठी इतक्या लांब जाण्याचे कारण नाही.

रत्नागिरीहून एक वाचक विचारतात : आमच्या घरीही तुमच्यासारखीच स्थिती आहे. एकाच ठिकाणी बसून दोघांचे जेवण होते का?

होते, परंतु ठिकाण पाहून. टेबलावर निखारा ठेवून मांस भाजण्याच्या उपाहारगृहांत बहुतेक वेळा किमान दोन माणसांचे मांस मागवावे लागते. दोघांतला एक खात नसेल, तर तेथे जाण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा भाजलेल्या माशाचे साधे जेवण देणाऱ्या खानावळी बऱ्या. माणशी ताट असते, भाताबरोबर लहान लहान वाट्यांतून येणाऱ्या तोंडीलावण्यांना, म्हणजे बान्चानना, वेगळे पैसे पडत नाहीत आणि संपल्यावर ती पुन्हा मिळतात. हे आपल्यापुढचा मासा माझ्याकडे सरकवत आणि माझे गिम व टोफू घेत. पैसे दोन ताटांचे देतो आहोत, म्हटल्यावर मालकिणीची काही हरकत नसे.

मासे खाणाऱ्याने बुसानचा जागाल्ची बाजार चुकवू नये. खालच्या मजल्यावर मासा निवडायचा आणि वरच्या मजल्यावर बसून करवून घ्यायचा. वर बसण्याचे माणशी शुल्क निराळे पडते, ते आधी विचारावे. गाल्ची म्हणजे आपली वाकटी आणि गोदुंगऑ म्हणजे बांगड्याच्याच कुळातला मासा. नुसते मीठ लावून भाजलेला हा मासा चांगलाच लागतो, पण तिरफळाची सवय असलेल्या जिभेला काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते, हे मालवणी माणसाने आधीच धरून चालावे. खरी ओळख पटली ती बान्चानमधील मिऑल्ची-बोक्कुमने. नखाएवढे सुके अँकोव्ही सोया सॉस आणि साखरेच्या पाकात कुरकुरीत परतलेले असतात. साखर वजा केली, तर आमच्या घरची सुक्या मासळीची चटणीच. त्यानंतर मी माझ्यापुरती ती साखर न घालता, ओले खोबरे आणि मिरची घालून करू लागले.

ठाण्याहून एक वाचक : सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जावे म्हटले, तर ‘चुसॉक टाळा’ असा सल्ला मिळतो. तो सण पाहण्यासारखा नाही का?

सण घरातला आहे. बाहेरून आलेल्याच्या वाट्याला त्यातली गर्दी तेवढी येते. चुसॉक त्यांच्या चांद्र पंचांगाच्या आठव्या महिन्यातील पौर्णिमेला येतो, म्हणून आपल्या सणांच्या आसपासच त्याची तारीख पडते : 2024 मध्ये तो अनंत चतुर्दशीच्या दिवशी, 17 सप्टेंबरला होता, तर 2025 मध्ये कोजागरीच्या दिवशी, 6 ऑक्टोबरला. सणाचा दिवस आणि त्याच्या आगचा-मागचा दिवस सुट्टी असते, सारा देश गावी निघतो आणि सोल-बुसान वेगवान रेल्वेची तिकिटे मिळत नाहीत. एरवी हाच प्रवास साधारण अडीच तासांचा आणि सुमारे साठ हजार वोनचा आहे. सणाच्या दिवशी लहान खानावळी बहुधा बंद असतात. जायचेच असेल, तर त्या दिवसांत सोलमध्येच मुक्काम ठेवावा. राजवाडे पाहावेत आणि बाजारातून सोंगप्यॉन आणावेत. तांदळाच्या पिठीच्या उकडीत तीळ-साखर, मूग किंवा चेस्टनट भरून पाइनच्या पानांवर वाफवलेले हे अर्धचंद्राकार पदार्थ शाकाहारी माणसाला निर्धास्तपणे खाता येतात. मोदकासारख्या पाकळ्या मात्र त्यांत शोधू नयेत.

साताऱ्याहून एक वाचक : बरोबर काय न्यावे?

मेतकूट, भाजणी, कोरड्या चटण्या. मांसाचे पदार्थ, ताजी फळे आणि बियाणे नेऊ नयेत. जे नेले असेल ते विमानतळावर जाहीर करावे.

पुण्याहून अनेक वाचक : घरी शाकाहारी किमची करता येते का? आमची दोनच दिवसांत आंबट होऊन बिघडली.

करता येते, आणि आपण बहुधा बाहेर फार वेळ ठेवली. किमची लोणच्यासारखी तेलात मुरत नाही. ती मिठात आंबते आणि पुण्याच्या उन्हाळ्यात हे काम फार झपाट्याने होते. लांबट चायनीज कोबी उभा चिरून पानापानांत खडे मीठ चोळावे. किती वेळ ठेवायचा, ते घड्याळावरून न ठरवता पानाचा पांढरा, जाड भाग वाकवून पाहावा : कडकन मोडला, तर अजून वेळ आहे, मऊपणे दुमडला, तर झाले. मग तीनदा धुऊन निथळत ठेवावा. तांदळाच्या पिठीची पातळ खळ करून ती थंड झाल्यावर तीत लसूण, आले, कांद्याची पात, मुळ्याच्या काड्या आणि मिरची कालवावी. कोरियन मिरची मिळाली नाही, तर बिया काढलेली ब्याडगी भरड कुटून घ्यावी. बारीक पूड घातली, तर वाटण चिकट होते. माशांच्या सॉसऐवजी थोडा सोया सॉस घालावा. हे सर्व पानापानांना लावून बरणीत दाबून भरावे, वर जागा सोडावी आणि झाकण सैल ठेवावे. थंडीत दोन दिवस, मे महिन्यात एकच दिवस बाहेर. बुडबुडे दिसू लागले, की फ्रिजमध्ये. वासाची तक्रार घरोघरी होणारच. कोरियात त्यासाठी किमचीचा वेगळा फ्रिज ठेवतात, आपल्याला घट्ट बंद होणाऱ्या डब्यावर भागवावे लागते.

आंबट झालेली किमची फेकू नये. तेलावर परतून भातात घालावी. तेथे तर जुनी किमची मुद्दाम त्यासाठी राखतात.

रांजणगाव परिसरातून एक वाचक : यजमानांच्या कारखान्यातील कोरियन साहेब पत्नीसह घरी जेवायला येणार आहेत. काय करावे? त्यांना दोन दिवस कोकणात न्यावे का?

तिखटाची काळजी करू नये. मिरची ते आपल्याइतकीच खातात. जपायचे ते तुपाला, सायीला आणि गोडाला. पुरणपोळीवर तुपाची धार धरून आग्रह केला, तर ते नको म्हणणार नाहीत, आणि तेच अवघड. आपले पान एकदम वाढलेले असते, ही फार सोयीची गोष्ट आहे, कारण त्यांनाही सर्व पदार्थ एकाच वेळी समोर असण्याची सवय असते. भात, टोमॅटोचे सार किंवा आमटी वाटीत, काकडीची कोशिंबीर, पालेभाजी, भाकरी आणि खरडा, एवढे पुरे. सार शेवटपर्यंत लागते, म्हणून ते अधिक करावे. चमचा ठेवावा; पण हाताने खाणे त्यांना अगदीच परके नाही, भाजलेले मांस लेट्यूसच्या पानात गुंडाळून ते हातानेच तोंडात घालतात. जेवणाला सुरुवात वयाने मोठ्या पाहुण्याने केल्यावर बाकीच्यांनी करावी. चपला दारात काढण्याविषयी त्यांना सांगावे लागणार नाही.

कोकणाविषयी थोडे स्पष्ट लिहिते. कोरियातील महामार्गांवर ठरावीक अंतरावर विश्रांतिस्थळे असतात, प्रत्येक ठिकाणी स्वच्छ स्वच्छतागृह आणि त्या त्या भागाचा खाऊ मिळतो. चॉनान येथे 1934 पासून होणारे अक्रोडाच्या आकाराचे लहान केक आता देशभर अशा ठिकाणी विकले जातात. त्या सवयीच्या पाहुण्यांना पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण या मार्गाने गुहागरला नेताना चहासाठी थांबण्याच्या जागा आधी ठरवाव्यात आणि त्या पाहिलेल्या असाव्यात. गुहागरात पोहोचल्यावर चिंता नाही. घरगुती खानावळीत आदल्या दिवशी फोन करून मासळी सांगून ठेवली, की जेवण असे मिळते, जे मला कोरियातील कोणत्याही विश्रांतिस्थळावर मिळाले नाही.

1 जून ते 31 जुलै या काळात मात्र आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि घाटात पावसाचा भरवसा नसतो. पाहुणे त्या दिवसांत येणार असतील, तर कोल्हापूर गाठावे. हाडांचा पांढरा, फिकट रस्सा वाडगाभर पिणे हे त्यांच्याकडचे रोजचे जेवण आहे, त्यामुळे पांढरा रस्सा त्यांना समजावून सांगावा लागत नाही. तांबडा आधी थोडाच द्यावा आणि पांढरा मागतील तेवढा वाढावा.