बाळाचा ढेकर : काढायचा, द्यायचा की यायचा?

प्रश्न असा आला आहे : नवमातांसाठीच्या माहितीपत्रकात 'दूध पाजल्यावर बाळाचा ढेकर काढावा' असं लिहिलं होतं. तपासणाऱ्यांनी 'ढेकर काढणे' बोलीतलं ठरवून 'बाळास ढेकर देण्यास मदत करावी' असं सुचवलं. कोणतं ठेवावं?

'ढेकर काढावा' हेच ठेवा. ते बोलीतलं आहे म्हणून नव्हे, नेमकं आहे म्हणून.

ढेकराला मराठीत तीन क्रियापदं लागतात. 'येणे' आपोआप घडतं : मला ढेकर आला. 'देणे' म्हटलं की ढेकर देणारा कर्ता होतो. पंगतीतून उठलेला माणूस पोटावरून हात फिरवत ढेकर देतो. आणि सगळं गिळून जो 'ढेकरसुद्धा देत नाही', त्याने खाल्लेलं कुणाला कळूही दिलेलं नसतं. 'काढणे' मात्र दुसऱ्याने करायचं काम. काटा निघतो आणि आपण तो काढतो, तसंच इथे. बाळाची दृष्टही आपण काढतोच की! दुधाबरोबर बाळाने हवा गिळलेली असते, आडवं असताना तिला वर यायला सहज वाट मिळत नाही. म्हणून कुणीतरी त्याला उभं धरून, मान सावरून, हनुवटी खांद्यावर टेकवून पाठीवर हलकेच थोपटावं लागतं. हे सगळं 'काढणे' या एका शब्दात येतं. 'देण्यास मदत करावी' वाचून मात्र आईने नेमकं काय करायचं, ते कळत नाही.

घरात तर तिन्ही क्रियापदं एकापाठोपाठ ऐकू येतात. "ढेकर काढलास का गं?", "आला का?" आणि मग, "दिला बाई एकदाचा!" आई काढते, ढेकर येतो, बाळ देतं. यात गोंधळ कुठेच नाही.

लिंगाचं म्हणाल तर 'ढेकर आला' आणि 'ढेकर आली' दोन्ही चालतं. मी पुल्लिंगी वापरते. पत्रकात कोणतंही एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

संस्कृत शब्दाचा मोह कुणाला झालाच, तर तो आहे 'उद्गार'. चरकसंहितेत जे 13 वेग, म्हणजे शरीराच्या नैसर्गिक ऊर्मी, अडवू नयेत म्हणून सांगितले आहेत, त्यांत शिंक, जांभईच्या सोबतीने उद्गारही आहे. पण आजच्या मराठीत उद्गार म्हणजे तोंडून निघालेले शब्द. 'बाळाचा उद्गार काढावा' वाचून आई बिचारी बाळाला बोलतं करायला बसेल.

त्याच पत्रकात आणखी एक शब्द जपून वापरावा असं मला मनापासून वाटतं : गुळणी. ढेकराबरोबर ओठांच्या कडेने सहज ओघळतं ते थोडंसं दूध म्हणजे गुळणी. जोर लागून बाहेर पडते ती उलटी. 'गुळण्या करणे' म्हणजे चूळ भरणे, म्हणून इथे क्रियापद 'टाकणे' घ्या. गुळणीला सरसकट 'उलटी' लिहिलं, तर पहिलटकरीण उगाच घाबरते.

तेव्हा वाक्य असं करा : 'दूध पाजून झाल्यावर बाळाला खांद्याशी उभं धरून ढेकर काढावा. काही मिनिटांत आला नाही आणि बाळ शांत असेल, तर जबरदस्ती करू नये. ढेकराबरोबर बाळाने थोडी गुळणी टाकली तर घाबरू नये. वारंवार जोराची उलटी होत असेल तर डॉक्टरांना दाखवावं.'