आधी दाराचा स्टिकर वाचा : गॅसचा ट्रक आणि जड फिफ्थ व्हील

मेमोरियल डे जवळ आला की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांत एक वाक्य हमखास असते : "सेल्समन म्हणाला, आरामात ओढेल." टेक्सासमध्ये हिच (ट्रक आणि ट्रेलर जोडणारा सांधा) बसवण्यात आणि ट्रेलरचे ब्रेक उघडण्यात माझी एकोणीस वर्षे गेली. या वाक्याने सुरू झालेली किती प्रकरणे निस्तरली, ते आता मोजत नाही. म्हणून या वेळी सगळे एकत्रच घेतो. नव्या वाचकांसाठी एवढेच : फिफ्थ व्हील म्हणजे ज्याची पिन पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसाच्या वर बसते तो कॅम्पर. त्या पिनमधून ट्रकवर येणारा भार म्हणजे पिन-वजन. पाऊण टनी, एक टनी ही ट्रकच्या वर्गांची नावे, वजनाचे माप नव्हे. दाराचा स्टिकर म्हणजे ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा कागद : माणसे, सामान आणि पिन मिळून ट्रक किती पेलतो, तो आकडा त्यावर असतो. आणि इथे गॅस म्हणजे पेट्रोल. (आमच्या आईला अजून वाटते, मी सिलिंडरवरचा ट्रक चालवतो.)

प्रश्न (डॅलस) : पाऊण टनी गॅसचा ट्रक आहे, ७.३ लिटर व्ही-८. फिफ्थ व्हीलचे ड्राय वेट (रिकामे वजन) ११,२०० पाउंड, कमाल वजन १४,०००. सेल्समन म्हणतो, गाडी १५,००० ओढते, पिनचे वजन फक्त २,०५० आहे आणि तुमच्या दारावर ३,१०० लिहिले आहे, म्हणजे हजार पाउंड शिल्लक. आमच्या ग्रुपवर मात्र सगळे म्हणतात डिझेलच हवे. कुणाचे ऐकू?

उत्तर : दोघांचेही नको. तुम्ही दाराचा स्टिकर वाचलात याबद्दल मात्र शाबासकी. दहांतले आठ जण वाचत नाहीत.

ज्यांनी गावाकडे बैलगाडी पाहिली आहे त्यांना हे दोन मिनिटांत समजते. गाडी मागे जड भरली की उलाळ होते, पुढे जड भरली की जू बैलांच्या मानेवर बसते. बैल किती ओढतो हा एक हिशेब, मानेवर किती पेलतो हा दुसरा. ब्रोशरातले १५,००० हा पहिला हिशेब. दारावरचे ३,१०० हा दुसरा, आणि फिफ्थ व्हीलमध्ये जवळजवळ नेहमी हाच आधी संपतो.

आता सेल्समनची चलाखी बघा. २,०५० हे रिकाम्या ट्रेलरचे पिन-वजन आहे. त्यात तुमची बॅटरी नाही, पाणी नाही (गॅलनला सव्वाआठ पाउंड; साठ गॅलनची टाकी भरली की पाचशे), कुकर नाही, वीस पाउंडांची तांदळाची पिशवी नाही, मुलांच्या सायकली नाहीत. फिफ्थ व्हीलची सामानाची मोठी खण पुढे, पिनच्या अगदी जवळ असते, म्हणजे भरलेले सामान नेमके मानेवरच येते. भरलेल्या फिफ्थ व्हीलचे पिन-वजन साधारण एकूण वजनाच्या १५ ते २५ टक्के असते; मी हिशेबाला २० धरतो. तुमचा ट्रेलर भरून १३,००० झाला तर पिन २,६००.

आता ट्रकची बाजू. चार माणसे ६२० पाउंड, हिच १८०, मागच्या सीटखालची हत्यारे आणि कूलर मिळून १५०. झाले ९५०. ३,१०० मधून ९५० गेले, उरले २,१५०. पिन २,६००. म्हणजे हजार शिल्लक सोडा, साडेचारशे पाउंड जास्त. "मग सामान मागे सरकवू" असे म्हणू नका. तेच उलाळ होणे. ट्रेलर मागे झोके घेऊ लागतो आणि ताशी ६५ मैलांवर ते झोके तुमच्या हातात राहत नाहीत.

डिझेलवाल्यांसाठी : डिझेल इंजिन बरेच जड असते, आणि एकाच कमाल वजनाच्या पाऊण टनी ट्रकात ते वजन थेट दारावरच्या आकड्यातून वजा होते. त्यामुळे त्याच मॉडेलच्या गॅसच्या ट्रकापेक्षा डिझेलच्या दारावर कमी आकडा, हे मी रोज पाहतो. डिझेल जास्त ओढते, वाद नाही. जास्त पेलत नाही. माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने नेमके ग्रुपचे ऐकून गॅसचा ट्रक विकला, वर मोठे कर्ज काढून डिझेल घेतले, आणि नवीन दारावरचा आकडा जुन्यापेक्षा कमी निघाला. नवरा-बायको दोघेही गाडीच्या दाराशी वाकून तो पिवळा-पांढरा कागद पुन्हापुन्हा वाचत होते.

सही करण्यापूर्वी एक काम करा. घरचे सगळे बसवून, टाकी भरून, हिच लावून ट्रक-स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रकच्या वजनकाट्यावर) जा. पुढची चाके पहिल्या पट्टीवर, मागची दुसऱ्या, बटण दाबून आत सांगा, चिठ्ठी घ्या. दारावर लिहिलेल्या ट्रकच्या कमाल वजनातून चिठ्ठीवरचे एकूण वजन वजा करा. जे उरेल तेवढीच पिन तुम्हाला परवडते. मागच्या आसाची वेगळी मर्यादा दारावरच असते, तीही ताडून पाहा. ट्रेलर आधीच घेतला असेल तर एकदा जोडून आणि एकदा सोडून वजन करा. ट्रकच्या दोन आसांवर जो फरक पडतो तेच खरे पिन-वजन. खर्च दोन पिझ्झांपेक्षा कमी. तुमच्या आकड्यांना साडेदहा हजारांच्या आतला भरलेला ट्रेलर किंवा एक टनी गॅसचा ट्रक, असे दोन रस्ते दिसतात. पण चिठ्ठी हातात आल्याशिवाय मी शेवटचे सांगणार नाही, आणि ट्रेलर विकणारा सोडून दुसऱ्या हिचवाल्याला ती दाखवा.

प्रश्न (अटलांटा) : ओढताना प्रीमियम गॅस घालावा का?

उत्तर : मॅन्युअलमध्ये जो ऑक्टेन लिहिला आहे तो घाला.

प्रश्न (डेन्व्हर) : आय-७० वर आयझेनहॉवर बोगद्याकडे चढताना इंजिन ४,५०० आरपीएमवर ओरडते आणि वेग ४५ वर येतो. हे म्हणतात इंजिन फुटेल. आम्ही पूर्ण चढ जीव मुठीत धरून बसतो.

उत्तर : ओरडू द्या. गॅसच्या मोठ्या इंजिनाची ताकद वरच्या आरपीएमलाच असते, वरच्या डॅलसवाल्या ७.३ चा पूर्ण टॉर्क (फिरवण्याचा जोर) ४,००० ला मिळतो. डिझेल तेच काम खाली १,८०० च्या आसपास गुपचूप करते, म्हणून ते शहाणे वाटते. शिवाय टर्बो नसलेले इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावते. बोगद्याचे पश्चिम तोंड ११,१५८ फुटांवर आहे. त्या ७.३ ची समुद्रसपाटीची ४३० अश्वशक्ती तिथे तीनशेच्या आतबाहेर राहते. ओढण्याच्या आकड्यांसाठी एसएई जे२८०७ नावाची पद्धत आहे. तिच्यात ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा चढ, एसी पूर्ण चालू ठेवून, मागे दोन्ही बाजूंना एकेकच चाक असलेल्या ट्रकला किमान ताशी ४० मैलांनी चढावा लागतो. चाळीस! तुम्ही ४५ वर आहात. उजव्या लेनमध्ये या, धोक्याचे दिवे लावा, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. काटा चढू लागला तर थांबा, आणि परत आल्यावर रेडिएटर व ट्रान्समिशनचे तेल तपासून घ्या.

तुमच्या पत्रात उताराबद्दल एक अक्षर नाही, आणि मला काळजी त्याची आहे. बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडलात की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांचा उतार आहे. बाजूला ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी खडीचे रॅम्प बांधले आहेत, ते शोभेला नाहीत. डिझेलला एक्झॉस्ट ब्रेक असतो. गॅसच्या इंजिनाचा आपला ब्रेक त्यामानाने दुबळा. म्हणून टो-हॉल मोड (ओझे ओढतानाची गिअरची सेटिंग) चालू, आणि उतार सुरू होण्यापूर्वी, पुन्हा सांगतो, पूर्वी, वेग ४० च्या खाली आणि गिअर खालचा. उतारावर आरपीएम पुन्हा ४,००० होईल, होऊ द्या. ब्रेक सतत हलका दाबून ठेवायचा नाही. ठाम दाबायचा, दहा मैलांनी वेग उतरवायचा, सोडून द्यायचा.

ट्रेलरचे ब्रेक काम करतात का, हे रिकाम्या सपाट पार्किंगमध्ये आधी पाहा : २० च्या वेगाला पाय न लावता ट्रेलर-ब्रेकच्या कंट्रोलरची हाताची पट्टी दाबा. ट्रेलरने मागून ट्रक धरून ओढल्यासारखे वाटले पाहिजे. न वाटल्यास कंट्रोलरवरचा गेन (ट्रेलरच्या ब्रेकचा जोर) वाढवा. चाके घासत थांबली तर कमी करा. गेन पूर्ण वाढवूनही काही वाटत नसेल तर प्रवास रद्द करून ड्रम उघडून घ्या. गेल्या वर्षी एका ट्रेलरचे ड्रम मी उघडले, तर चारपैकी दोन चाकांत ग्रीस ब्रेकच्या शूजवर उतरलेले. मालक म्हणाले, "सहा महिने जाणवत होते, पण सीझन संपल्यावर बघू म्हटले."

प्रश्न (ह्यूस्टन) : मागे एअरबॅग बसवल्या तर क्षमता वाढते ना? दुकानदार तर तसे म्हणाला.

उत्तर : नाही. ट्रक सरळ उभा दिसतो, बस्स. दारावरचा आकडा, आस, चाके, ब्रेक सगळे तेच.

प्रश्न (शार्लट) : हौदा साडेसहा फुटी आहे. वळताना ट्रेलर मागच्या काचेला लागेल का?

उत्तर : लागू शकतो, आणि लागतो तो बहुतेक वेळा कॅम्पग्राउंडमध्ये, मागे घेताना, सगळे बघत असताना. ट्रेलर १०२ इंच रुंद असेल तर अर्धी रुंदी ५१ इंच. पिनच्या मध्यापासून कॅबच्या काचेपर्यंत एवढे अंतर नसेल तर काटकोनात वळण्याचा विचार करू नका. कोपरे गोल कापलेले असतील तर थोडी सवलत मिळते. सरकणारी हिच किंवा फिरणारा पिन-बॉक्स हा त्यावरचा उपाय. सरकणारी हिच जड असते, ते वजन वरच्या हिशेबात धरा. आणि फिरणारा पिन-बॉक्स तुमच्या हिचशी आणि ट्रेलरच्या वॉरंटीशी जुळतो का, हे दोन्ही कंपन्यांना विचारल्याशिवाय बोल्ट फिरवू नका.

प्रश्न (फीनिक्स) : आई-बाबा भारतातून आलेत. लांबच्या प्रवासात ते मागे कॅम्परमध्ये आडवे झाले तर? फिफ्थ व्हीलमध्ये चालते असे ऐकले.

उत्तर : ऐकले कुठे? काही राज्ये अटींवर परवानगी देतात, काही अजिबात देत नाहीत, आणि तुमचा रस्ता एका राज्यात संपत नाही. कायदा बाजूला ठेवा. आत सीटबेल्ट नाही, आणि चालत्या फिफ्थ व्हीलमध्ये फ्रिजचे दार उघडून लोणच्याची बरणी भिंतीवर फुटलेली मी पाहिली आहे. आई-बाबा ट्रकमध्ये, दर दोन तासांनी थांबा, पाय मोकळे करा, चहा करा. कॅम्पर त्यासाठीच घेतलाय. दोघांचे वजन हिशेबात धरायला विसरू नका. पायाला सूज येण्याचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांशी बोला.

प्रश्न (सेंट लुईस) : ट्रेलर तीन वर्षे अंगणात उभा होता, जेमतेम हजार मैल चाललाय. टायर कोरे करकरीत आहेत. जुलैत निघावे का?

उत्तर : टायरवर एसटी लिहिलेले असते. आपली लालपरी नव्हे, स्पेशल ट्रेलर. हे टायर झिजून मरत नाहीत, उभ्या उभ्या मरतात. ऊन लागते, रबर हलत नाही, आतून थर सुटतात आणि वरची नक्षी नव्यासारखीच राहते. बाजूला डॉट या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे वाचा : २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. तुम्ही ट्रेलर कधी घेतला हे टायरला माहीत नसते. डीलरच्या अंगणात तो आधी दोन वर्षे उभा असू शकतो. पाच वर्षांपुढच्या टायरवर माझा विश्वास नाही. ट्रेलरखालून फुटणारा टायर नुसता फुटत नाही, पट्ट्यासारखा आपटत चाकाच्या खोबणीतून वायरी आणि प्रोपेनची नळी घेऊन जातो.

हवा सकाळी, चाके थंड असताना, टायरवर लिहिलेल्या दाबापर्यंत. बेअरिंग वर्षाकाठी उघडून ग्रीस करायचे असतात. तीन वर्षे उभ्या ट्रेलरचे तर निघण्यापूर्वीच. जुलैत निघायचे असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात मेकॅनिककडे. शेवटच्या आठवड्यात सगळे येतात आणि मग मला "एवढं आजच करून द्या ना" ऐकावे लागते.

प्रश्न (एडिसन, न्यू जर्सी) : शेनान्डोआला जाताना बाल्टिमोरच्या बोगद्यातून जाता येईल ना?

उत्तर : प्रोपेनसह नाही. फोर्ट मॅकहेन्री आणि हार्बर या दोन्ही बोगद्यांत दहा पाउंडांपेक्षा मोठे सिलिंडर चालत नाहीत, तुमचे त्याहून मोठेच असणार. पूर्वी लोक फ्रान्सिस स्कॉट की ब्रिजवरून जात, तो २६ मार्च २०२४ ला कोसळला. आय-६९५ ने पश्चिमेकडून वळसा घ्या. पुढे कधी उत्तरेकडे निघालात आणि जीपीएस न्यूयॉर्कच्या पार्कवेवर किंवा कनेटिकटच्या मेरिट पार्कवेवर नेऊ लागला तर मुळीच ऐकू नका. तिथे ट्रेलरला बंदी आहे आणि पूल बुटके आहेत. छतावरच्या एसीसकट उंची एकदा टेपने मोजा आणि गाडीत समोर चिकटवून ठेवा.

प्रश्न (फ्रीमाँट) : साध्या लायसन्सवर चालते का?

उत्तर : कॅलिफोर्नियात फिफ्थ व्हीलचे कमाल वजन १०,००० पाउंडांच्या वर गेले की साध्या लायसन्सवर वेगळी नोंद लागते, १५,००० च्या वर खाजगी क्लास ए. वजन कागदावरचे धरतात, भरलेले नव्हे. परीक्षेची तारीख डीएमव्हीकडून (तिथले आरटीओ) आजच घ्या. आणि हो, ट्रेलरचे बुकिंग पुढे ढकला, परीक्षेचे नको.