गरम भाकरी कुणाच्या वाट्याची?

"मॅडम, तसं सगळं बरं चाललंय. पण कशातच मन रमत नाही." समुपदेशन करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की आता त्यावर लिहायलाच हवं. बोलणारी माणसं बहुधा पन्नाशीच्या आसपासची. घराचे हप्ते फिटत आलेले, मुलं मार्गी लागलेली, आणि तरी दिवस नुसता ढकलल्यासारखा जातो.

सुमनताई (नाव आणि काही तपशील बदलले आहेत) साताऱ्याच्या एका पतसंस्थेत नोकरी करतात. थायरॉईड, हिमोग्लोबिन, सगळं तपासून झालं होतं. रिपोर्ट चांगले होते. "छोट्या गोष्टींत आनंद शोधा असं जो तो सांगतो. शोधते हो, पण सापडत नाही," त्या म्हणाल्या.

मला हा सल्ला कधीच पटला नाही. छोटे आनंद समोरच असतात. ते घ्यायला आपल्याला कोण अडवतं, हे मी आधी बघते. म्हणून त्यांना जेवणाबद्दल विचारलं.

"जेवण काय, ओट्याशी उभ्यानंच. सगळ्यांना वाढून झालं की कडा तुटलेली, नाहीतर करपलेली भाकरी असते, तीच."

"गरम भाकरी शेवटची कधी खाल्लीत?"

त्या बराच वेळ आठवत राहिल्या. "माहेरी. लग्नाआधी."

"घरात कुणी मनाई केलीये?"

"छे हो. पण सगळ्यांचं झाल्याशिवाय आपण कसं बसायचं?"

इथे मला धागा सापडला. त्यांच्या मनात एक नियम पक्का बसला होता: आधी सगळी कामं संपली पाहिजेत, मगच आपण सुख घ्यायचं. आणि घरातली कामं कधी संपतात का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ विचारसरणी मी मानते, ती याच कारणासाठी. प्रसंगापेक्षा त्यामागचा आपला हट्टी नियम आपल्याला जास्त छळतो. ‘सगळ्यांना गरम मिळालं तर बरं’ ही इच्छा झाली. ‘त्याआधी मी बसले तर मी वाईट आई’ ही बेडी झाली.

मी म्हटलं, "येत्या रविवारी पहिली भाकरी तव्यावरून उतरली की ती घेऊन तुम्ही बसा. बाकीच्या नंतर करा."

पुढच्या वेळी त्या आल्या त्या घुश्श्यातच.

"बसले. हात थरथरत होते. कुणी काही म्हणालंच नाही! धाकटा एवढंच म्हणाला, ‘आई, तो खर्डा इकडे सरकव.’ मग इतकी वर्षं मी कुणासाठी उभी होते?"

आणि त्या रडल्या. अशा वेळी घाईघाईने समजूत घालायची नसते, हे मी जपून पाळते. तो राग मला मोलाचा वाटला. नियम आपलाच होता, हे त्यांना स्वतःहून दिसलं होतं. मी सांगितलं असतं तर त्यांनी नुसती मान डोलावली असती. जरा वेळाने डोळे पुसत त्या म्हणाल्या, "पापुद्रा फुगला होता. तूप लावलं की चर्रकन आवाज येतो, विसरलेच होते मी."

पुढचं काम सोपं होतं. तेच तुम्हालाही सांगते. मूड यायची वाट बघू नका. आधी कृती करा, मन मागाहून येतं. सुखाला ‘एकदा मुलीचं लग्न होऊ दे, मग’ अशी अट घालू नका. नव्या घराचं, गाडीचं कौतुक काही महिन्यांत ओसरतं, कारण मन सगळ्याला सरावतं. म्हणून रोजच्या चहातही कधी जागा बदला, कधी सोबत बदला. चहा पिताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. आणि दिवसातलं जे आवडलं ते रात्री कुणाला तरी सांगा. सांगताना ते दुसऱ्यांदा मिळतं. सुमनताई आता बहिणीला फोन करतात.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर हे उपाय करत बसू नका. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे, आणि तिथे मराठीतही बोलता येतं.